तुकड्यांचीही बूज राखा

कॅनडातल्या लंडन शहरात, अ‍ॅडलेड स्ट्रीटवरच्या एका घरात, ३१ ऑक्टोबर १९२०च्या पहाटे फ्रेडरिक बँटिंग यांनी स्वादुपिंडातला स्राव वेगळा काढण्याची कल्पना वहीत टिपून ठेवली. पुढच्याच वर्षी टोरांटोत इन्सुलिन हाती आलं. लंडनचं ते घर आता संग्रहालय आहे. इन्सुलिनचं कौतुक शंभर वर्षं चाललंय, पण ते पेशीवर ज्याला जाऊन चिकटतं त्या ग्राही प्रथिनाचं कोडं अजून पुरतं सुटलेलं नाही. त्याची जनुकीय ओळख पटली ती १९८५मध्ये. या प्रथिनाचा बाहेरचा भाग इन्सुलिन धरतो, आतला भाग पेशीला कामाला लावतो आणि दोघांमधला, पेशीपटलात रुतलेला दुवा जेमतेम वीस-बावीस अमिनो आम्लांचा. बाहेरचा निरोप आत जातो तो एवढ्याशा जागेतून. असे तुकडे वेगळे बनवून एनएमआरने, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रांचे संकेत टिपून, तपासण्याचं काम आता कालबाह्य झालं, असा सूर हल्ली ऐकू येतो. तो मला पटत नाही.

आक्षेपात तथ्य नाही असं नव्हे. क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला २०१७चं नोबेल मिळालं, संगणकाने प्रथिनांचे आकार वर्तवण्याला २०२४चं. मग अख्खं प्रथिन दिसत असताना तुकड्यात डोकं का घालायचं? कारण अख्खं प्रथिन गोठवून पाहिलं, तरी इन्सुलिन-ग्राहीचा नेमका हा मधला भाग बहुतेक चित्रांत धूसरच राहिला. जे डुलतं, वळतं, त्याची सरासरी काढली की ते पुसलं जातं. एनएमआर त्या हालचालीचाच मागोवा घेतं. सिंगापूरच्या संशोधकांनी २०१४मध्ये हा तुकडा डिटर्जंटच्या सूक्ष्म गोळ्यांत बसवून तपासला, तेव्हा त्याच्या सर्पिल आकाराच्या सुरुवातीलाच ग्लायसिन-प्रोलिनच्या जोडीपाशी एक वाक आढळला.

आता खरी मेहनत. एनएमआरला संकेत मिळावेत म्हणून जिवाणूला नायट्रोजन-१५चा अमोनियम क्षार आणि कार्बन-१३चं ग्लुकोज खाऊ घालून प्रथिन बनवून घ्यायचं. पटलातला तुकडा तेलकट, पाण्यात टिकत नाही. जिवाणूच्या पोटात त्याचे गठ्ठे होतात, कधी जिवाणूच मरतो. म्हणून त्याला विरघळणाऱ्या प्रथिनाचं शेपूट जोडायचं, निकेलच्या स्तंभावर वेगळं करायचं आणि शेवटी ते शेपूट कापून टाकायचं. एवढं करून एनएमआरच्या आलेखावर टिंबं नीट सुटी दिसली नाहीत, तर पुन्हा दुसरं डिटर्जंट.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: साबणाचा गोळा म्हणजे पेशीपटल नव्हे, आणि त्यात प्रथिन वेगळंच वळू शकतं. खरं आहे. म्हणूनच एका माध्यमातला निष्कर्ष लिपिडच्या चकत्यांतही पडताळावा लागतो आणि अख्ख्या ग्राहीत तीच अमिनो आम्लं बदलून परिणाम पाहावा लागतो. पण या अडचणीवर तुकडाच न बनवणं हा उपाय नाही. आपल्याकडची अडचण वेगळीच आहे. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत उच्च क्षेत्राच्या एनएमआरची राष्ट्रीय सुविधा आहे. चुंबकासाठी एकदा मोठा निधी मिळवणं एक वेळ सोपं. त्यात ठेवायचा नमुना बनवण्यासाठी महागडं ग्लुकोज आणि हात बसलेला माणूस वर्षानुवर्षं सांभाळायला हवा, आणि अंदाजपत्रकात कात्री आधी तिथेच लागते.