वारस फार झाले

स्वतःच्या वाड्यात एक रात्र काढायची म्हटली की ज्यांना धुळीची अ‍ॅलर्जी आठवते, तीच माणसं दुसऱ्याच्या वाड्यात झोपायला रात्रीचे पंचेचाळीस हजार मोजतात. त्याला ‘कझिन्स गेट-टुगेदर’ म्हणायचं. गेल्या डिसेंबरात आमच्या भाऊबंदांनी हा सोहळा खानापूर तालुक्यात, जांबोटी रस्त्यावरून आत गेलं की लागणाऱ्या एका जुन्या वाड्यात साजरा केला. बेळगावात लॉज मिळेना, कारण कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन. २०१२ साली बांधलेलं सुवर्णसौध दरवर्षी थंडीत थोडे दिवस गजबजतं आणि त्या दिवसांत आमदार, अधिकारी नि बंदोबस्ताचे पोलीस शहरातली खोली न् खोली अडवून बसतात. एरवी ती भली थोरली इमारत बहुतेक ओस. रिकाम्या इमारती राखण्यात सरकार आमच्या घराण्याच्या पंक्तीला बसतं, तेवढाच आनंद.

आमचा स्वतःचा वाडा निपाणीजवळ, वेदगंगेच्या अंगाला आहे. दोन सोपे, माजघर, वर माडी, मागं परडं आणि न्हाणीशेजारी पाऊस झेपेना म्हणून खचलेली एक भिंत. किल्ली माझ्याकडं असते, कारण मी निपाणीत राहतो. बाकीचे पुण्यात, मुंबईत, बंगळूरला आणि एक न्यू जर्सीत. किल्ली माझ्याकडं म्हणजे वाडा मी बळकावणार, असा घराण्यातला समज आहे. वाडा बळकावायचा म्हणजे नेमकं काय बळकावायचं, ते कुणी येऊन बघत नाही.

वाडा कसा पडतो ते एकदा नीट सांगतो, कारण गेट-टुगेदरला हा विषय काढला की लगेच कुणीतरी अंताक्षरी सुरू करतं. आमच्याकडच्या वाड्याचं जोतं घडीव दगडाचं असतं, पण वरची भिंत पांढऱ्या मातीची. ती शंभर वर्षं टिकते, एकाच अटीवर: माथा कोरडा पाहिजे. म्हणून दरवर्षी मिरगाच्या आधी कौलं परतायची. एखाद्या वानरानं कौल सरकवलं आणि दोन पावसाळे कुणी वर चढलं नाही, तर पाणी भिंतीच्या माथ्यातून आत मुरतं. भिंतीला पोट सुटतं. तुळईचं टोक कुजतं, तिथं वाळवी लागते आणि एका रात्री काहीही आवाज न करता खणच्या खण खाली बसतो. गवंडी सांगतो की अजून साठ हजारांत कौलं परतून, दोन वासे बदलून होतील. जांबोटीच्या दोन रात्रींचं भाडंच नव्वद हजार. वर डिपॉझिट, वर जादा गाद्यांचे पैसे आणि रात्री दहानंतर गाणी लावली तर दंड.

त्या भाड्याच्या वाड्यात काय होतं? दारात ‘तीनशे वर्षांचा राजेशाही वारसा’ अशी पाटी. आत लाल कोबा, सिमेंटचे कठडे आणि छताला मंगलोरी कौलं. मंगळुरात कौलांचा पहिला कारखानाच १८६५ चा, हे सांगितल्यावर मला ‘दादा, तुम्ही एन्जॉय करा ना’ असा सल्ला मिळाला. जात्यावर काच टाकून टीपॉय केला होता. तांब्याच्या बंबात मनीप्लांट. पाटा-वरवंटा एका कोनाड्यात दिवा लावून ठेवलेला, आणि त्याच्यासमोर आमच्या त्या वहिनी फोटो काढून घेत होत्या, ज्यांनी आमच्या घरचा पाटा ‘जागा अडवतो’ म्हणून परड्यात टाकायला लावला होता. जेवणाचं टेबल एका अख्ख्या दाराचं: सागवानी, लोखंडी फुल्यांचं, कडीसकट. असल्या दारांचा आता धंदाच आहे. खेड्यातला वाडा पडला की आठवड्यात टेम्पो येतो, खांब घनफुटावर जातात, दारं नगावर, आणि माल गोव्याच्या नि पुण्याच्या व्हिलांत पोचतो. आमच्या माजघराची दारंही अशीच गेली. विकणारा माझा चुलतभाऊ त्या टेबलावर हात फिरवत म्हणाला, ‘व्हॉट अ पीस!’

तिथं भाकऱ्या थापायला केअरटेकरची बायको होती. मालकाच्या ‘अस्सल गावरान अनुभवा’त तिची चूलही धरलेली, पाहुण्यांनी दोन भाकऱ्या स्वतः थापून बघायच्या, व्हिडिओ काढायचा. सगळा गोतावळा बघून तिनं माझ्या बायकोला विचारलं, ‘एवढी माणसं हायसा, तुमचं सोताचं घर न्हाई व्हय ओ काकू?’ त्या दोन दिवसांत विचारलेला एवढाच शहाणा प्रश्न.

राजेशाहीचं म्हणाल तर आमच्या टापूत खऱ्या राजवाड्यांची गोष्ट वेगळीच आहे. निपाणीचे सिद्धोजीराव नाईक निंबाळकर, म्हणजे आप्पासाहेब देसाई निपाणकर. १८०३ साली जनरल वेलस्ली दुसऱ्या बाजीरावाला गादीवर बसवायला पुण्याकडं निघाला तेव्हा आप्पासाहेबांची फौज त्याच्याबरोबर होती. चिकोडी आणि मनोळीसाठी हे कोल्हापूरकरांशी वर्षानुवर्षं झुंजले. १८३९ साली वारले, औरस वारस नाही म्हणून इंग्रजांनी निपाणी गिळली. त्याच्या आधी १८२४ मध्ये कित्तूरला हेच झालं: देसाई निपुत्रिक गेले, दत्तक मंजूर झाला नाही, राणी चन्नम्मा लढली, कलेक्टर थॅकरे मारला गेला आणि शेवटी वाड्याचे अवशेष उरले. तेव्हा वारस नसल्यानं वाडे बुडाले. आमच्याकडं वारस एवढे झालेत की उताऱ्याला पुरवणी जोडावी लागेल.

आणि जे राजवाडे हॉटेल होऊन ताठ उभे राहिले, त्यांचं रहस्य राजरक्तात नाही. कोल्हापूरचा १९३१ ते ३४ मध्ये बांधलेला शालिनी पॅलेस पुढं काही वर्षं हॉटेल होता, सावंतवाडीच्या राजवाड्यातही आता पाहुणे उतरतात. संस्थानिकांकडं गादी एकाकडं जायची. निर्णय घेणारा एक, सही करणारा एक. आम्हा देसाया-इनामदारांकडं प्रत्येक पिढीत वाटणी, आणि तीही कागदावरच. १९७४ च्या कायद्यानं जमिनी कुळांच्या नावावर झाल्या. रास्तच झालं, कसणाऱ्याची ती. पण वाड्याची कौलं त्या जमिनीच्या खंडावर परतली जायची, ते उत्पन्न आटल्यावर खिशात हात घालायची कुणाची तयारी नव्हती. आमच्या आजोबांनी मग एक सोपा तंबाखूच्या वखारीला भाड्यानं दिला. आजही पावसाळ्यात त्या भिंती ओलावल्या की ठसका लागतो. बायका तिथं दिवसभर तंबाखू चाळत बसायच्या, नाकाला पदर बांधून. निपाणीतले बरेच ‘राजेशाही’ चिरे त्या ठसक्यावर उभे आहेत. १९८१ मध्ये शरद जोशींच्या हाकेवर तंबाखू उत्पादकांनी इथंच हायवे अडवून धरला, ६ एप्रिलला गोळीबार झाला, बारा शेतकरी गेले. हा वारसा कुठल्या व्हिलाच्या पाटीवर मी अजून वाचलेला नाही. त्यावर टीपॉय होत नाही.

खरी मौज पुढं आहे. आमचे पुण्याचे बंधू दर १ नोव्हेंबरला सीमाप्रश्नाचा काळा दिवस पाळतात, म्हणजे डीपी काळा करतात. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळानं कर्नाटकातली ८६५ गावं मागणारा ठराव केला तेव्हा त्यांनी ग्रुपवर पेढ्याचा फोटो टाकला. आठशे पासष्ट गावं पाहिजेत, इंचभर सोडणार नाही! त्यातल्या एका गावातल्या एका वाड्याच्या कौलांसाठी वर्गणी मागितली, तर ‘आधी वाटण्या होऊ देत’. ग्रामपंचायतीच्या ई-स्वत्तूसाठी, म्हणजे मिळकतीच्या उताऱ्यासाठी, सह्या मागितल्या, तर ‘कागद कन्नडमध्ये आहे, वकिलाला दाखवतो’. त्यांच्या वकिलाला कन्नड येत नाही. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. आमचा वाटणीचा दावा त्याच्याही आधीचा, दिवाणी कोर्टात. दोन्हीकडं तारीख पडते, पण सीमाप्रश्नात निदान समोरचा पक्ष परका तरी आहे.

बहिणींचं तर बोलूच नये. १९९४ मध्ये कर्नाटकानं आणि २००५ मध्ये देशानं मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत वाटा दिला. तेव्हापासून आमच्याकडं भाऊबीजेच्या ओवाळणीत साडीखाली हक्कसोडपत्र असतं. ज्या आत्याला ‘तुला काय कमी आहे, सही कर’ म्हणून रडवली, तिलाच जांबोटीला झोपाळ्यावर बसवून सगळ्यांनी मागं उभं राहून ‘फॅमिली फर्स्ट’चे टी-शर्ट घातले. टी-शर्टांचे पैसे मात्र वेळेत जमा झाले. तीनशे नव्वद रुपये प्रत्येकी, गूगल पे. त्या रकमेवर कुणी वकील लावला नाही.

जांबोटीच्या त्या वाड्याच्या मालकाला मी नावं ठेवत नाही. त्यानं भावांचे हिस्से बाजारभावानं घेतले, कर्ज काढलं, छप्पर कोरडं ठेवलं. पाटीवर खोटं लिहितो, पण भिंत खरी उभी आहे. माझा राग त्याच्या गिऱ्हाइकांवर आहे, ज्यांना वारसा चेक-इन ते चेक-आउट एवढाच हवा असतो.

परतीच्या नाष्ट्याला एका भाच्यानं कल्पना काढली: आपलाही वाडा असाच एखाद्या कंपनीला वीस वर्षं लीजवर देऊ, ते दुरुस्त करतील, भाडं येईल आणि आपल्याला फॅमिली डिस्काउंट मिळेल. बावीस वर्षांत पहिल्यांदा सगळ्यांचं एकमत झालं, पोहे संपायच्या आत. लीजला सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या लागतात. मी मसुदा करून ग्रुपवर टाकला. पहिलं उत्तर न्यू जर्सीहून आलं: आलेल्या भाड्याची वाटणी कशी करायची, ते आधी ठरवा.