लुईझियानातील कैदी आणि खाटांचा हिशेब

अमेरिकेच्या लुईझियाना राज्यात जिल्ह्याला ‘पॅरिश’ म्हणतात. फ्रेंच व स्पॅनिश अमदानीतील धर्मग्रामांवरून हे नाव रूढ झाले. आज तेथे असे ६४ पॅरिश आहेत. या राज्याने शिक्षा दिलेल्या कैद्यांपैकी सुमारे निम्मे कैदी राज्याच्या कारागृहांत नव्हे, तर पॅरिशच्या स्थानिक तुरुंगांत ठेवलेले असतात.

हे तुरुंग मुळात खटला चालू असलेल्या कच्च्या कैद्यांसाठी. १९७० च्या दशकात अंगोला येथील राज्य कारागृहाची दुरवस्था व गर्दी पाहून संघीय न्यायालयाने हस्तक्षेप केला आणि जादा कैदी स्थानिक तुरुंगांकडे वळवण्यात आले. तात्पुरती सोय कायमची झाली. १९९० च्या दशकात शेरीफांनी खास या कैद्यांसाठी नवे तुरुंग उभारले. (तेथील शेरीफ हे मुंबईच्या शेरीफसारखे केवळ मानाचे पद नव्हे, तो लोकांनी निवडलेला आणि तुरुंग हाती असलेला अधिकारी असतो.) राज्य प्रत्येक कैद्यामागे दररोज ठरावीक रक्कम देते, अलीकडच्या वर्षांत ती सुमारे २६ डॉलर होती. स्वतःच्या कारागृहात राज्याला याहून पुष्कळ अधिक खर्च येतो. शेरीफलाही या रकमेतून कैद्याचा खर्च भागवून जे उरेल ते हवेच असते. साहजिकच रिकामी खाट म्हणजे तोटा, असा हिशेब होऊन बसला आहे.

आम्हाला अधिक खटकते ते पुढेच. अंगोलात बहुतांशी जन्मठेपेचे व दीर्घ मुदतीचे कैदी असतात. तेथे व्यवसायशिक्षण मिळते. १९९५ पासून बाप्टिस्ट सेमिनरीचे ईश्वरविद्येचे वर्गही सुरू झाले. म्हणजे ज्याला बहुधा कधीच बाहेर पडायचे नाही, त्याला विद्या. आणि ज्याला दोन-चार वर्षांत बायकामुलांत परतायचे आहे, तो अनेक स्थानिक तुरुंगांत दिवसभर रिकामा बसून असतो. पुनर्वसनाची काही केंद्रे निघाली खरी, पण शिक्षकाचे वेतन त्या २६ डॉलरांतून निघणार कसे?

२०१७ मध्ये शिक्षा सौम्य करणारे कायदे झाले व कैदी घटले. तेव्हा काही शेरीफांनी मोकळ्या खाटा केंद्र सरकारला स्थलांतरितांच्या स्थानबद्धतेसाठी दिल्या. तेथे दर कितीतरी अधिक मिळतो. पुढे २०२४ मध्ये राज्यपाल जेफ लँड्री यांच्या कारकिर्दीत पॅरोल जवळजवळ बंद करण्यात आला. १ ऑगस्ट २०२४ नंतरच्या गुन्ह्यांसाठी शिक्षेचा साधारणतः ८५ टक्के काळ आत काढावाच लागेल. या कैद्यांची सोयही मोठ्या प्रमाणात स्थानिक तुरुंगांतच लावली जाईल, असे आम्हाला वाटते. तसे होणार असेल, तर दैनिक रकमेतील काही वाटा शिक्षणासाठीच खर्च व्हावा, एवढे तरी कायद्याने बांधून द्यायला हवे.