विमान घडविणे आणि विमान सांभाळणे

पुणे-दौंड लोहमार्गावर, यवत आणि केडगाव यांच्या दरम्यान, खुटबाव हे गाव लागते. हा उसाचा मुलूख. येथील शेतकऱ्याच्या दारात बैलजोडीच्या जागी आता ट्रॅक्टर उभा असतो. तो चालता चालता बंद पडला, तर शेतकरी त्याला बांधाच्या कडेला घेतो, पान्याने नट आवळतो, डिझेलच्या नळीत हवा धरली असल्यास ती काढतो. आणि तेवढ्याने भागले नाही, तर मिस्त्रीला बोलावणे धाडतो. फार तर दिवसाचे काम बुडते.

आपल्या घरी विमान बांधणाऱ्या मनुष्याचे हात याच जातीचे असतात. तोही पत्रा कापतो, भोके पाडतो, खिळे ठोकतो, अडलेला भाग पुन्हा उघडून पाहतो. भेद एवढाच की, आकाशात बांध नाही. इंजिन थांबले म्हणजे विमान दगडासारखे खाली पडते असे नव्हे. पंखांच्या आधारावर ते काही अंतर तरंगत उतरू शकते. पण तेवढ्या अंतरात मोकळी जमीन सापडली पाहिजे, आणि खाली उभा ऊस, विजेच्या तारा, माणसांची घरे असतात. म्हणूनच विमान घडविणाऱ्याचे कौतुक करताना, ते सांभाळतो कोण आणि कसे, हा प्रश्न आधी विचारावयास हवा. तो सहसा कोणी विचारीत नाही.

महाराष्ट्रात अशा विमानाचे ठळक उदाहरण म्हणजे कॅप्टन अमोल यादव यांचे. व्यवसायाने वैमानिक असलेल्या या गृहस्थांनी मुंबईत, कांदिवलीतील चारकोप येथे, आपल्या राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान उभारले. हा त्यांचा पहिला प्रयत्न नव्हता. आधीच्या दोन प्रयत्नांना यश आले नव्हते. हे तिसरे विमान फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईतील ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ठेवले गेले, तेव्हा ते पाहावयास लोकांनी गर्दी केली. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याची सरकारदरबारी नोंदणी झाली आणि २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून त्याची उड्डाणचाचणी घेण्यात आली. गच्चीवर विमान, ही कल्पनाच अशी मोहक आहे की वर्तमानपत्रांनी गच्चीविषयी भरभरून लिहिले. परंतु गच्चीवरच्या विमानाला अद्याप कोणाला दुखापत करण्याची संधी नसते. ती त्याला चाके जमिनीवरून सुटल्यावर मिळते. खरे काम तेथून पुढचे.

विमानविद्येचा आरंभच या गोष्टीची साक्ष देतो. अमेरिकेतील राइट बंधूंचे सायकलींचे दुकान होते. त्यांच्या विमानाचे इंजिन चार्ली टेलर या त्यांच्या कारागिराने सुमारे सहा आठवड्यांत तयार केले. १९०३ च्या नोव्हेंबरात सर्व सिद्धता होत आली असता, पंखा फिरविणाऱ्या दांड्याला तडा गेलेला आढळला. हिवाळा तोंडावर आला होता. दुसरा एखादा म्हणाला असता, ‘एक उड्डाण तर होऊन जाऊ द्या!’ ऑर्व्हिल राइट मात्र समुद्रकाठच्या त्या वाळवंटातून आपल्या गावी, डेटनला परत गेला, पोलादाचे नवे भरीव दांडे करून घेतले आणि तो ११ डिसेंबरला परतला. १७ डिसेंबरला पहिले उड्डाण झाले. ते १२ सेकंदांचे होते आणि अंतर १२० फूट. त्या १२ सेकंदांची कीर्ती जगभर झाली. तडा पाहून मागे फिरलेल्या त्या पावलांची तेवढी झाली नाही, आणि हे काहीसे अन्यायाचे आहे.

विमानाच्या निगेचे काम दिसावयास फार साधे असते. उड्डाणापूर्वी टाकीच्या तळाची तोटी उघडून थोडे इंधन पारदर्शक भांड्यात घेतात. इंधनापेक्षा पाणी जड; हवेतील दमट वाफेमुळे टाकीत पाणी जमले असेल, तर ते भांड्याच्या तळाशी वेगळे दिसते. पंख्याच्या पात्याला खड्याने खरचटले आहे काय, हे बोट फिरवून पाहतात. कारण तेवढ्याशा खाचेतूनच पुढे तडा वाढतो. कंपनाने नट सैल होऊ नये म्हणून त्यातून तार ओवून पीळ देतात, आणि ती तार जागेवर आहे ना, हे पुनःपुन्हा पाहतात. ठरावीक तास उडाल्यावर इंजिनातील तेल बदलतात. तेलाची जुनी गाळणी फेकून देत नाहीत. ती कापून उघडतात आणि तिच्या घड्यांत धातूची चमक शोधतात. तशी चमक दिसली, तर इंजिन आतून झिजत आहे असे समजावे.

आणि कुंभारीण! घराच्या भिंतीवर चिखलाचे इवलेसे घर बांधणारा हा कीटक खुटबावच्या मुलांना अनोळखी नाही. विमानाचा वेग मोजण्यासाठी बाहेर एक बारीक नळी असते, तिला पिटो नळी म्हणतात. उघडी राहिलेली ही नळी कुंभारणीला फार आवडते. १९९६ मध्ये डोमिनिकन प्रजासत्ताकात एक मोठे प्रवासी विमान समुद्रात कोसळून १८९ माणसे मृत्युमुखी पडली. त्या विमानाची एक वेगमापक नळी बुजलेली होती, आणि ती बहुधा अशाच कीटकाच्या घरट्याने बुजली असावी, असा चौकशीचा निष्कर्ष होता. विमान काही दिवस जमिनीवर उभे होते, आणि नळीवर टोपण घातलेले नव्हते. टोपणाची किंमत ती काय!

आता काही लोकांचे म्हणणे असे की, हौशी माणसाने विमान बांधूच नये. हे काम मोठ्या कारखान्यांचे. दुसरे म्हणतात, सरकारने परवानग्यांचे जोखड काढून टाकावे. दोन्ही मते घाईची आहेत. ज्याने प्रत्येक खिळा स्वतःच्या हाताने बसविला, त्याच्याइतके त्या विमानाचे मर्म दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? अमेरिकेत ही गोष्ट कायद्यानेच मान्य केली आहे. तेथे घरी बांधलेल्या विमानाची वार्षिक तपासणी करण्याचा दाखला ते बांधणाऱ्यास मिळू शकतो. परंतु त्याने विमान विकले, तर तो दाखला विमानाबरोबर नव्या मालकाकडे जात नाही. विमान विकत मिळते, त्याची ओळख मिळत नाही.

मात्र स्वतःच्या कृतीवर मनुष्याचे प्रेम असते, आणि प्रेमाला दोष दिसत नाहीत. म्हणून उड्डाणापूर्वी परक्या डोळ्यांची तपासणी हवीच. तपासणी आणि दिरंगाई या दोन गोष्टी मात्र एक नव्हेत. प्रदर्शनात सर्वांनी वाखाणलेल्या विमानाच्या नोंदणीस त्यानंतर दीड वर्षाहून अधिक काळ लागला. एवढ्या काळात विमान काही अधिक सुरक्षित होत नाही. उलट, उभ्या यंत्राचे रबर कडक होते, सांध्यांवर गंज चढतो, नळ्यांत घरटी होतात. जे तपासावयाचे ते कसोशीने तपासावे, पण ते वेळेवर तपासावे.

शिवाय विमान ठेवावयाचे कोठे? ट्रॅक्टरवर ताडपत्री टाकली की पावसाळा निघतो. विमानाला छप्पर लागते, कोरडी जमीन लागते, शेजारी जाणता कारागीर लागतो. मुंबईत बांधलेल्या विमानाला चाचणीसाठी धुळे गाठावे लागले. धुळे, कऱ्हाड यांसारख्या ठिकाणी धावपट्ट्या आहेतच. अशा प्रत्येक धावपट्टीच्या कोपऱ्यात घरच्या विमानांकरिता एखादी पत्र्याची शेड आणि तेथे महिन्यातून काही दिवस येणारा तपासनीस, एवढी सोय झाली, तरी पुढचा विमान बांधणारा आपल्या यंत्राची निगा गच्चीवर उन्हापावसात करीत बसणार नाही.