चालू हिशेबात प्रोग्रामरचा हात

रोजकीर्दीत आकडा चुकला तर आपले जुने मुनीम तो खरवडून काढत नसत. एक रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहीत. चूकही दिसायची, दुरुस्तीही. संगणकावर जुना आकडा पुसला की मागमूस राहत नाही. म्हणूनच १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना, प्रत्येक फेरबदल तारखेसह टिपणारे आणि ती टिपणी बंद करता न येणारे सॉफ्टवेअर सक्तीचे झाले. एकट्या मालकीच्या दुकानाला ही सक्ती नाही. पण उधारी तर आपलीही असतेच!

मात्र मालक, मुलगा आणि कारकून एकाच नावाने, एकाच पासवर्डवर बसत असतील तर टिपणीतही एकच नाव दिसणार. मग तिचा उपयोग काय? त्याहून नाजूक गोष्ट प्रोग्रामरची. तो थेट डेटाबेसमध्ये शिरून आकडा बदलू शकतो, आणि तो बदल टिपणीत उमटेलच असे नाही.

‘ओळखीच्या माणसावर अविश्वास कशाला?’ असे आपले व्यापारी बांधव लगेच म्हणतात. सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीची उधारी लिहून ठेवायला व साक्षीदार घ्यायला सांगितले आहे, आणि ते सांगणे ईमानवाल्यांनाच उद्देशून आहे. शिवाय उद्या रक्कम जुळली नाही तर निर्दोष प्रोग्रामरवरही आळ येतो.

त्याला दुरुस्ती हिशेबाच्या प्रतीवर करू द्यावी. चालू हिशेबात शिरणे अटळच असेल तर तेवढ्यापुरता पासवर्ड द्यावा, शेजारी बसावे, काम संपताच तो बदलावा आणि वहीत तारीख-वेळ लिहून त्याची सही घ्यावी.