पारामारिबोला जायचं असेल तर

दक्षिण अमेरिकेला निघालेला आपल्याकडचा पर्यटक एक तर रिओला जातो, नाही तर माचू पिचूला. सुरिनामला निघालो म्हटल्यावर मला घरातल्यांसकट सगळ्यांनी ‘हे कुठे आलं?’ असंच विचारलं; काहींनी तर ते आफ्रिकेत शोधलं. हा देश आहे ब्राझीलच्या डोक्यावर, अटलांटिकला टेकलेला. त्याची राजधानी पारामारिबो सुरिनाम नदीच्या डाव्या काठावर, समुद्रापासून थोडी आत वसलेली. ॲमस्टरडॅमहून विमानानं नऊ तास लागतात आणि विमानतळापासून शहर आणखी 45 किलोमीटर.

डचांना या जागेचं भलतंच अप्रूप होतं. इंग्रजांकडून जिंकलेलं सुरिनाम त्यांनी 1667च्या तहात स्वतःकडे ठेवलं आणि आज ज्याला आपण न्यूयॉर्क म्हणतो ते इंग्रजांना राहू दिलं. उसाच्या मळ्यांपुढे मॅनहटन तेव्हा फिकं होतं.

त्या मळ्यांच्या पैशावर उभं राहिलेलं शहर लाकडाचं आहे. खाली विटांचं जोतं, वर पांढऱ्या फळ्यांच्या भिंती, हिरव्या झडपा. 1821 आणि 1832 साली दोन मोठ्या आगी लागल्या, तरी पुन्हा लाकडातच बांधलं. 2002 साली युनेस्कोनं जुन्या शहराला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. पण यादीत नाव आलं म्हणून वाळवी थांबत नाही. डागडुजी झालेल्या देखण्या घराला खेटूनच छप्पर बसलेलं, झडपा लोंबणारं घर दिसतं. सेंट पीटर आणि पॉल कॅथेड्रल मात्र आवर्जून आत जाऊन पाहा. बाहेरून पिवळं-करडं, आत सगळं रंग न दिलेलं सीडरचं लाकूड. दगडी चर्चमध्ये डोळे दिपतात, इथे निवतात.

गाइड तुम्हाला कैझरस्ट्राटवर नेतोच. तिथे सिनेगॉग आणि मशीद शेजारी-शेजारी उभी आहेत. सगळे दोन्ही इमारती एका चौकटीत बसवून फोटो काढतात. मीही काढला. सलोखा खरा आहे, पण शहर समजून घ्यायचं तर नदीकडे चालत जावं. त्या रस्त्याचं नाव वॉटरकांट. या देशात जो आला तो याच नदीतून, आणि बहुतेक जण स्वखुशीनं आलेले नव्हते.

काठावर झीलँडिया किल्ला आहे, आता तिथे संग्रहालय आहे. 8 डिसेंबर 1982 रोजी लष्करी राजवटीच्या 15 विरोधकांना इथल्या बुरुजावर गोळ्या घातल्या गेल्या. त्या राजवटीचा प्रमुख देसी बाउटर्से पुढे निवडून येऊन 2010 ते 2020 राष्ट्राध्यक्ष होता. याच खुनांसाठी त्याला झालेली वीस वर्षांची शिक्षा 2023मध्ये कायम झाली, तो फरार झाला आणि 2024च्या डिसेंबरात तसाच मेला. बुरुजाशी उभं राहिलं की खाली नदी दिसते आणि जवळच बिअरचे अड्डे. तिथली पार्बो बिअर लिटरच्या बाटलीत मिळते, एकट्यानं मागवू नये.

किल्ल्यापासून थोड्याच अंतरावर पूर्वीचा कुली डेपो होता. तिथे आता बाबा आणि माई यांचा पुतळा आहे, गाठोडं घेऊन उतरलेलं जोडपं. सुरिनाममध्ये गुलामगिरी 1 जुलै 1863ला कायद्यानं संपली. पण सुटलेल्यांना आणखी दहा वर्षं सरकारी देखरेखीखाली मळ्यांवर राबावं लागलं. ती मुदत 1873 साली संपत आली आणि कलकत्त्याहून मळ्यांसाठी मजूर घेऊन निघालेलं ‘लल्ला रूख’ जहाज 5 जून 1873ला इथे लागलं. या दोन तारखा एकत्रच वाचायच्या. 1916पर्यंत अशी 64 जहाजं आली, सुमारे 34 हजार माणसं उतरली. बहुतेक बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातली.

त्यामुळे भारतीय पर्यटकाचं इथे एक होतं: तो लगेच गहिवरतो. देऊळ दिसतं, रोटी मिळते (आत वाटलेल्या डाळीचं सारण, सोबत मसाल्याची कोंबडी, चवळीच्या लांब शेंगा आणि उकडलेलं अंडं), भोजपुरी वळणाची सरनामी कानावर येते, 2020 साली चंद्रिकाप्रसाद संतोखी यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेताना संस्कृत मंत्र म्हटल्याचं कुणी तरी सांगतं, की झालं, ‘आपलीच माणसं!’ मी टॅक्सीवाल्याशी हाच सूर लावला. तो म्हणाला, ‘इंडिया एकदा बघायचाय, पण आधी हॉलंडला बहिणीकडे जायचंय.’ नंतर तो डच रेडिओवरच्या क्रिओल गाण्यावर ताल धरून बसला. तो सुरिनामी आहे. पाच पिढ्यांपूर्वीचं बिहार त्याच्या गळ्यात घालायचा आपल्याला काय अधिकार?

रविवारी सकाळी स्वातंत्र्य चौकात जावं. पिंजरे घेऊन बाप्ये जमतात. काठ्यांवर पिंजरे टांगतात आणि ठरल्या वेळात कुणाचा पक्षी जास्त वेळा गातो हे पंच खडूनं फळ्यावर मांडत जातात. ट्वाट्वा नावाच्या या पक्ष्याच्या मालकाचा तोरा बैलगाडा शर्यतीतल्या मालकाहून तसूभर कमी नसतो. क्रिओल, हिंदुस्तानी, जावानीज सगळे तिथे एका रांगेत उभे असतात. गाइडच्या यादीत हा कार्यक्रम मला दिसला नाही. ती यादी त्यानं पुन्हा करायला हवी.

एक संध्याकाळ होडीसाठी राखून ठेवावी. सुरिनाम आणि कोमेवायनं या नद्या जिथे मिळतात तिथे डॉल्फिन दिसतात. वाटेत पाण्यातून ‘गॉस्लर’चा गंजलेला पाठीचा भाग वर आलेला दिसतो. 10 मे 1940ला जर्मनीनं हॉलंडवर हल्ला केला, तेव्हा या जर्मन जहाजाच्या खलाशांनीच ते डचांच्या हाती लागू नये म्हणून बुडवलं. ते अजून तिथेच आहे, त्यावर झाडं उगवलीत. पलीकडे मारिएनबर्गचा मोडका साखर कारखाना लागतो. तिथे 1902 साली मजुरीवरून उठलेल्या भारतीय मजुरांवर सैन्यानं गोळीबार केला. डॉल्फिनच्या नादात हा कारखाना चुकवू नका.

पाऊस टाळायचा तर फेब्रुवारी-मार्च किंवा ऑगस्ट ते नोव्हेंबर बरे. आणि सगळ्यात आधी पीतज्वराची लस घ्या, सरकारमान्य केंद्रातच, निघायच्या किमान दहा दिवस आधी. तो पिवळा दाखला नसेल, तर परतताना सुरिनामचं नाव ऐकल्यावर आपल्याच विमानतळावर तुम्हाला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.