सहीखालची दुसरी सही

परवा पुतणीची मुलगी बारावीच्या निकालाचे पेढे घेऊन आली. वाकून नमस्कार करता करता म्हणाली, "आजोबा, मी फार्म.डी.ला जाऊ का? मला क्लिनिकल फार्मासिस्ट व्हायचंय." तिचे वडील म्हणजे आमचे जावई लगेच उत्तरले, "सहा वर्षं शिकून शेवटी औषधाच्या दुकानातच उभं राहायचं ना?"

मी गप्प बसलो. मला गेल्या वर्षीची एक दुपार आठवत होती. माझ्या थोरल्या बहिणीला सारखी घेरी येत होती, म्हणून तिला इस्पितळात नेले होते. तिथल्या एका तरुण मुलीने घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणायला सांगितल्या आणि टेबलावर मांडल्या. दोन डॉक्टरांनी रक्तदाबाची एकच गोळी, अॅम्लोडिपिन, दोन निरनिराळ्या नावांनी लिहून दिली होती. दोघेही आपापल्या जागी बरोबर. दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवून कोणी पाहिल्याच नव्हत्या! ती मुलगी क्लिनिकल फार्मासिस्ट होती.

बँकेत आमचा साधा नियम असे. ज्याने व्हाउचर लिहिले, त्यानेच ते पास करायचे नाही. यात लिहिणाऱ्यावर अविश्वास नसे; माणूस चुकतो, एवढेच त्यात गृहीत धरलेले असे. पैशासाठी आपण दुसरी सही मागतो, मग औषधासाठी का नको? मूत्रपिंड थकलेल्या रुग्णाला जेंटामायसिन किती द्यायचे, वॉरफेरिन चालू असताना दुसरे कोणते औषध रक्तस्रावाचा धोका वाढवते, हे पाहणे म्हणजेच ती दुसरी सही. कर्करोग, अतिदक्षता, मूत्रपिंडविकार अशा एकेका शाखेत तर हे काम आयुष्यभर पुरण्याएवढे आहे.

अमेरिकेत या कामाला मोठा मान आहे. तिथे फार्मासिस्टांच्या विशेष शाखांना प्रमाणपत्र देणारे मंडळ 1976 सालीच स्थापन झाले. आपल्याकडे फार्मसी कायदा 1948 चा, पण फार्म.डी. अभ्यासक्रम यायला 2008 साल उजाडले. पाच वर्षे शिक्षण आणि एक वर्ष इस्पितळातली उमेदवारी. म्हणजे शिक्षण आले, पण त्या शिक्षणाला साजेशी खुर्ची मागे राहिली. सरकारी इस्पितळांत या कामासाठी वेगळी पदे फारशी दिसत नाहीत. खासगी इस्पितळांत पगार बेताचे, आणि वॉर्डात या तरुणांचे म्हणणे किती ऐकायचे हे बऱ्याचदा डॉक्टरांच्या मर्जीवर. म्हणून कित्येक जण कंपन्यांत औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी तपासण्याच्या नोकरीकडे वळतात. तेही काम उपयोगाचेच. पण रुग्णाची खाट मात्र दूर राहते.

तेव्हा जावईबापूंची काळजी अगदीच खोटी नाही. मी मुलीला म्हटले, "जा, पण डोळे उघडे ठेवून जा. फार्म.डी.च्या कॉलेजला तीनशे खाटांच्या इस्पितळाची जोड लागते. प्रवेशाआधी इमारत पाहू नकोस, ते इस्पितळ पाहा. शेवटच्या वर्षाच्या मुलांना विचार, डॉक्टरांबरोबर रोज राउंडला जाता का? की नुसत्या हजेरीपटावर सह्या करता?"

जावई हसले. मुलगी मात्र हसली नाही. तिने वही काढून दोन्ही प्रश्न लिहून घेतले. जाताना माझ्या टेबलावरची गोळ्यांची डबी तिने उचलली आणि विचारले, "आजोबा, ही गोळी जेवणाआधी घेता की नंतर?"

मला आठवेना.