आठवण : पाहिलेली की ऐकलेली?



तुमची सर्वांत जुनी आठवण कोणती? पुढे वाचण्यापूर्वी क्षणभर डोळे मिटा आणि ती शोधून काढा. सापडली? आता स्वतःला दोन प्रश्न विचारा. त्या वेळी तुमचे वय किती होते? आणि दुसरा, जरा अवघड प्रश्न : ते तुम्ही स्वतः पाहिले, की कोणी सांगितलेले ऐकले?

हे प्रश्न मला सुचले ते आमच्या आसनगावातल्या एका सहावीतल्या मुलामुळे. २९ ऑगस्ट २०१७ रोजी सकाळी नागपूरहून मुंबईला जाणारी दुरांतो एक्स्प्रेस आसनगाव आणि वाशिंद या स्थानकांच्या दरम्यान रुळांवरून घसरली. त्या दिवशी मुसळधार पाऊस होता. इंजिन आणि नऊ डबे घसरले, पण सुदैवाने कोणाचाही जीव गेला नाही. अजूनही गावात तो विषय निघतो. एकदा असाच निघाला तेव्हा हा मुलगा म्हणाला, "मी पाहिले आहेत ते डबे! आजोबांच्या खांद्यावर बसून पाहिले." अपघात झाला तेव्हा तो जेमतेम अडीच वर्षांचा होता. त्याची आई शेजारीच उभी होती. ती हसून म्हणाली, "अरे, तेव्हा आपण मुरबाडला मामाकडे होतो. गणपतीचे दिवस नव्हते का?"

मुलाचा चेहरा उतरला. "म्हणजे मी खोटे बोलतो का?" असे म्हणून तो तेथून निघून गेला.

मित्रहो, तो मुलगा खोटे बोलत नव्हता. पण त्याची आठवण खरी होती असेही मला म्हणता येत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा शक्य आहेत, हेच मला तुम्हांला सांगायचे आहे. आणि ते सांगण्याचा अधिकार मला आहे, कारण मी स्वतः या चक्रातून गेलो आहे.

कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. ११ डिसेंबर १९६७ च्या त्या भूकंपात कोयनानगर परिसरात पावणेदोनशेच्या वर माणसे दगावली. धक्का पुण्यामुंबईपर्यंत जाणवला, तसा दोनशे किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या आमच्या घरातही जाणवला. तो प्रसंग मला लख्ख आठवत असे. मांडणीवरून पितळी हंडा गडगडत खाली येतो. आजी मला उचलून अंगणात धावते. अंगणात कोवळे ऊन पडलेले असते, कोंबड्या सैरावैरा पळत असतात आणि त्या उन्हात आजीचा घाबरलेला चेहरा मला अगदी जवळून दिसतो. पुढच्याच पावसाळ्यात आजी गेली. घरात तिचा एकही फोटो नव्हता. तिचा चेहरा म्हणून माझ्याजवळ जे काही होते, ते या एकाच आठवणीत होते.

पुढे शाळेत असताना एका पुस्तकात मी त्या भूकंपाची वेळ वाचली. पहाटेचे चार वाजून एकवीस मिनिटे! डिसेंबर महिन्यात आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो. मग माझ्या आठवणीतले ऊन आले कोठून?

मी धावत ताईकडे गेलो. भूकंपाच्या वेळी ती दहा वर्षांची होती. तिने सांगितले ते असे : "आजीने तुला उचलले हे खरे, पण मिट्ट काळोखात. हंडाबिंडा काही पडला नाही. फळीवरची भांडी नुसती खडखडली. मांडणी तेव्हा आपल्याकडे नव्हतीच. ती मी नववीत असताना आणली. तू तर आजीच्या खांद्यावर झोपलेलाच होतास. ही सगळी गोष्ट मीच तुला रात्री झोपवताना सांगत असे."

म्हणजे ज्याला मी माझी आठवण समजत होतो, ती ताईची गोष्ट होती. गोष्टीत ज्या जागा रिकाम्या होत्या त्या माझ्या मनाने भरून काढल्या. मांडणी नंतरच्या स्वयंपाकघरातून घेतली, कोंबड्या रोजच्या अंगणातून घेतल्या आणि हे सारे दिसावे म्हणून ऊनही पाडले! आणि आजीचा चेहरा? तो कोणाचा होता, हे मला आजही सांगता येत नाही. हे कबूल करणे त्या वयात मला फार जड गेले. आजही जाते.

लहानपण विसरते कसे?

अगदी लहान वयातील प्रसंग मोठेपणी आठवत नाहीत, हे शास्त्रज्ञांच्या ध्यानात येऊन शंभराहून अधिक वर्षे झाली. व्हिएन्नाचे डॉक्टर सिग्मंड फ्रॉइड यांनी या गोष्टीला नाव दिले. आपण तिला शैशव-विस्मृती म्हणू. मोठ्या माणसांना त्यांची पहिली आठवण विचारली, तर बहुधा ती तीन ते साडेतीन वर्षांच्या सुमाराची निघते. त्याआधीचे सारे धुक्यात असते.

याची कारणे एकाहून अधिक आहेत. मेंदूमध्ये हिप्पोकॅम्पस नावाचा एक भाग असतो. प्रसंगाची जागा, वेळ आणि माणसे यांची एकत्र मोट बांधण्याचे काम तो करतो. लहानपणी तो पुरता तयार झालेला नसतो. टोरोंटो येथील संशोधकांनी २०१४ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून आणखी एक गोष्ट दाखवली. पिल्लांच्या मेंदूत या भागात नव्या चेतापेशी झपाट्याने तयार होतात आणि त्यांच्या गर्दीत जुन्या जोडण्या मोडतात. नव्या पेशींची वाढ औषधाने मंद केली, तेव्हा त्या पिल्लांचे विसरणेही कमी झाले. श्रावणात माहुलीच्या पायथ्याशी जाऊन पाहा. उन्हाळ्यात ठळक दिसणारी पायवाट गवत वाढले की दिसेनाशी होते. तसेच काहीसे हे आहे.

दुसरे कारण भाषेचे. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठात गॅब्रिएल सिमकॉक आणि हार्लीन हेन यांनी एक मजेदार यंत्र तयार केले. त्यात मोठे खेळणे टाकून दांडा फिरवला की खालून तसेच पण लहान खेळणे बाहेर येई! सव्वादोन ते सव्वातीन वर्षांची मुले या यंत्राशी खेळली. सहा महिन्यांनी किंवा वर्षाने त्यांना त्याविषयी विचारले. एव्हाना मुलांना कितीतरी नवे शब्द येऊ लागले होते. पण खेळाच्या दिवशी जे शब्द त्यांना येत नव्हते, ते शब्द त्या खेळाचे वर्णन करताना एकाही मुलाने वापरले नाहीत. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगावरून असे दिसते की शब्दांवाचून साठवलेली आठवण पुढे शब्दांत आणणे फार कठीण असते.

मग इतके स्पष्ट का दिसते?

तुम्ही म्हणाल, "पण मला तर अगदी डोळ्यांसमोर दिसते!" येथेच आपण फसतो. आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो नव्हे. दर वेळी आठवताना मेंदू तो प्रसंग नव्याने रचतो आणि रचताना हाताशी असेल ते साहित्य वापरतो. चित्र स्पष्ट दिसते, एवढ्यावरून ते खरे ठरत नाही.

मुलांच्या बुद्धीच्या वाढीचा आयुष्यभर अभ्यास करणारे स्विस शास्त्रज्ञ झाँ पियाजे यांचीच गोष्ट घ्या. ते दोन वर्षांचे असताना पॅरिसच्या रस्त्यावर कोणीतरी त्यांना बाबागाडीतून पळवून नेण्याचा प्रयत्न केला, दाईने त्याच्याशी झटापट केली आणि तिच्या तोंडावर ओरखडे उठले, असे त्यांना स्पष्ट आठवत असे. जमलेली गर्दी आणि पोलिसाच्या हातातला पांढरा दंडुकाही आठवत असे. पियाजे सुमारे पंधरा वर्षांचे असताना त्या दाईचे पत्र आले. शौर्याबद्दल बक्षीस मिळालेले घड्याळ तिने परत केले आणि कबूल केले, की ती सारी हकीकत बनावट होती! घरात ऐकलेल्या गोष्टीचे पियाजे यांच्या मनाने चित्र केले होते. जो चोर कधी नव्हताच, तो त्यांना दिसत होता.

अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि त्यांच्या सहकारी यांनी २४ माणसांना त्यांच्या बालपणाच्या चार गोष्टी वाचायला दिल्या. तीन खऱ्या होत्या. चौथी, पाचेक वर्षांचे असताना दुकानांच्या गर्दीत हरवल्याची, खोटी होती. सुमारे चौथा हिस्सा लोकांना ती खोटी गोष्टही पूर्ण किंवा अर्धवट 'आठवली'. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत इंग्लंडमधील संशोधकांनी ६,६४१ लोकांना त्यांची पहिली आठवण विचारली होती. त्यांतील ३८.६ टक्के लोकांनी दोन वर्षांच्या किंवा त्याहून लहान वयाची आठवण सांगितली. त्यांपैकी ८९३ जणांची आठवण तर एक वर्षाच्या किंवा त्याआधीची होती! इतके लोक खोटारडे असतील का? मुळीच नाही. जुने फोटो, घरात ऐकलेल्या गोष्टी आणि एखादा तुटक अनुभव यांतून ती चित्रे तयार झाली असावीत, असे त्या संशोधकांचे म्हणणे आहे.

आमच्या आसनगावच्या मुलाचे तेच झाले असणार. अपघाताची दृश्ये घराघरांतल्या मोबाइलवर फिरत होती. आजोबांच्या खांद्यावर तो रोजच बसत असे. मनाने दोन्हींची सांगड घातली.

याचा अर्थ लहानपणीची प्रत्येक आठवण खोटी, असा मात्र नव्हे. दोन वर्षांच्या मुलाला गेल्या महिन्यातली गोष्ट चांगली आठवते. ती पुढे टिकत नाही, एवढेच. काहींची एखादी आठवण खरोखर टिकते. न्यूझीलंडच्या माओरी लोकांत पहिली आठवण सरासरी पावणेतीन वर्षांच्या सुमाराची आढळली. तेथील युरोपीय वंशाच्या लोकांपेक्षा ती लवकरची आहे. माओरी घरांत मागच्या गोष्टी सांगण्याची मोठी परंपरा आहे. गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितल्याने आठवण टिकते आणि सांगण्यानेच ती बदलतेही!

पारख कशी करावी?

म्हणून माझे मत असे : तीन वर्षांच्या आधीची आठवण ही साक्ष समजावी, पुरावा समजू नये. साक्षीदार प्रामाणिक असला तरी आपण त्याची साक्ष तपासतोच. तशी तुमची आठवणही तपासा. एक वही घ्या. घरात कोणालाही न विचारता आठवण जशीच्या तशी लिहा. मग तिच्यात कॅलेंडरवर शोधता येईल असे काही आहे का, ते पाहा. सण, पूर, लग्न, निवडणूक, भावंडाचा जन्म असे काहीही चालेल. नंतर घरातील दोन माणसांना वेगवेगळे विचारा, पण उत्तर सुचवू नका. "तेव्हा ऊन होते ना?" असे विचारू नका. "तेव्हा काय वेळ होती?" असे विचारा. जुना फोटो असेल तर आठवण लिहून झाल्यावरच पाहा. आठवणीत तुम्ही स्वतःला बाहेरून पाहत असाल, तर जास्तच सावध राहा. स्वतःचा चेहरा स्वतःला दिसत नसतो. तो फोटोत दिसतो.

मोठ्यांचीही आठवण चुकते, हे विसरू नका. ताईची साक्ष मी मानली ती केवळ ती मोठी म्हणून नव्हे. तिचा काळोख पुस्तकातल्या वेळेशी जुळला, माझे ऊन जुळले नाही.

ही पारख नुसती गंमत नाही. जुन्या अंधुक आठवणीवरून घरांत वैरे होतात, कोणावर आळही येतो. अशा वेळी आठवणीला दुसरा आधार शोधलाच पाहिजे. पण मोठ्यांनाही एक सांगणे आहे. 'मुलांना काय आठवते!' असे म्हणून लहान मुलाने काल-परवाची सांगितलेली तक्रार उडवून लावू नका. ती ताबडतोब आणि नीट ऐकली पाहिजे. चाळीस वर्षांपूर्वीचे चित्र आणि कालची हकीकत यांना एकाच तराजूत घालता येत नाही.

आणि ज्याची आठवण चुकली, त्याला खोटारडा म्हणू नका. खोटे बोलणाऱ्याला खरे माहीत असते. चुकीची आठवण सांगणाऱ्याला ते माहीत नसते.

त्या मुलाला मी नंतर गाठले आणि माझ्या हंड्याची गोष्ट सांगितली. तो पुष्कळ हसला. मग गंभीर होऊन म्हणाला, "मग तुमची आजी गेलीच की!" मी म्हटले, "नाही रे. आजीने मला काळोखात उचलून बाहेर नेले, हे ताईने पाहिले आहे. मला आठवत नाही, इतकेच."